ब्रिटिश विनोदी मालिका आणि अमेरिकन प्रेक्षक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीत नवीन नवीन राहायला आलो तेव्हा आमच्याकडे केबल नव्हती. अँटेनाला जे सापडेल तेच बघायचं. शनिवारी रात्री जेवणं उरकली की सार्वजनिक वाहिनीवर ओळीने तीन-चार ब्रिटिश विनोदी मालिका लागायच्या. शेजारच्या आजी पेनसिल्वेनियात जन्मल्या, तिथेच वाढल्या. इंग्लंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण त्या दोन तासांत त्यांना फोन केलेला चालायचा नाही. त्यांना यात एवढं काय सापडतं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. पुढे इथल्या मराठी मंडळींकडून आणि भारतातल्या भाच्या-पुतण्यांकडूनही तेच प्रश्न येत राहिले. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिलं.

या मालिका अमेरिकेत पोचल्या तरी कशा?

जाहिरातींवर चालणाऱ्या एबीसी, सीबीएस, एनबीसी या मोठ्या वाहिन्यांनी त्या फारशा आणल्या नाहीत. ते काम मुख्यतः पीबीएसने केलं. पीबीएस म्हणजे आपल्या दूरदर्शनसारखी राजधानीतून चालणारी वाहिनी नव्हे. ते गावोगावच्या स्वतंत्र सार्वजनिक केंद्रांचं जाळं आहे, आणि काय दाखवायचं हे बरंचसं त्या त्या केंद्राच्या हातात असतं. पुढची सगळी गोष्ट या एका रचनेवर उभी आहे.

'मॉंटी पायथन्स फ्लाइंग सर्कस' बीबीसीवर ५ ऑक्टोबर १९६९ रोजी सुरू झाली. सहा तरुणांनी लिहिलेल्या तुटक, अतर्क्य प्रहसनांचा तो कार्यक्रम. मध्येच एखादं प्रहसन अर्धवट सोडून द्यायचे, मध्येच वरून कागदी चित्रातला प्रचंड पाय येऊन सगळं चिरडून टाकायचा. १९७४ मध्ये टेक्सासमधल्या डॅलस शहरातल्या केईआरए या सार्वजनिक केंद्राने तो लावला. कार्यक्रमांची जबाबदारी तेव्हा रॉन डेव्हिलियर यांच्याकडे होती आणि निर्णय त्यांचा. न्यूयॉर्क नाही, बॉस्टन नाही, टेक्सास! तिथे कार्यक्रम चालला, मग एकामागून एक इतर शहरांतल्या केंद्रांनीही तो घेतला. तोवर ब्रिटनमध्ये मालिका संपतही आली होती.

आता यातली तांत्रिक गंमत. बीबीसी प्रेक्षकांच्या परवाना शुल्कावर चालते, त्यामुळे तिच्या कार्यक्रमात जाहिराती नसतात आणि अर्ध्या तासाचा भाग जवळजवळ पूर्ण अर्धा तास भरतो. अमेरिकेतल्या जाहिरात-वाहिनीवर अर्ध्या तासाची मालिका आज साधारण २२ मिनिटांची असते. म्हणजे बीबीसीचा भाग तिथे लावायचा तर कात्री लावावीच लागणार. पीबीएसच्या केंद्रावर कार्यक्रमाच्या मध्ये जाहिराती नाहीत, त्यामुळे तिथे तो जसाच्या तसा बसतो. शिवाय नवीन मालिका स्वतः तयार करण्यापेक्षा परदेशातली तयार मालिका विकत घेणं केंद्राला परवडतं. ही केंद्रं प्रेक्षकांच्या वर्गणीवरही चालतात. वर्षातून काही वेळा कार्यक्रम थांबवून सूत्रसंचालक देणगीचं आवाहन करतात, मागे स्वयंसेवक फोन घेत बसलेले असतात. ज्या कार्यक्रमाच्या वेळी फोन खणखणतात तो टिकतो. आमच्या शेजारच्या आजी दरवर्षी न चुकता पैसे पाठवायच्या, आणि ते या शनिवारच्या रात्रीसाठीच असायचे.

मोठ्या वाहिनीने पायथनचा कार्यक्रम दाखवला तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं, हे खरं का?

खरं आहे, आणि मला हे प्रकरण फार महत्त्वाचं वाटतं. १९७५ मध्ये एबीसीने पायथनच्या चौथ्या पर्वातले तीन भाग जोडून ९० मिनिटांचा एक खास कार्यक्रम केला. जाहिरातींना जागा करण्यासाठी आणि आक्षेपार्ह वाटलेला मजकूर काढण्यासाठी त्यातली २४ मिनिटं कापली. म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त. विनोदात शेवटचा ठोसा बसण्याआधी जी उभारणी असते तीच गेली, तर उरतं काय? पायथन मंडळींनी ते पाहिलं आणि असा दुसरा कार्यक्रम थांबवण्यासाठी न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. १९७६ मध्ये अपील न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. लेखकांनी बीबीसीशी केलेल्या करारात संहितेत मोठे बदल परवानगीशिवाय करता येणार नाहीत असं होतं. जो हक्क बीबीसीलाच नव्हता तो ती एबीसीला कसा देणार? 'गिलियम विरुद्ध एबीसी' हा खटला अमेरिकेत कलावंताच्या हक्कांच्या संदर्भात आजही अभ्यासला जातो.

शेजारच्या आजींना हे काहीच माहीत नव्हतं. पण त्यांना जे आवडत होतं ते पूर्ण, न कापलेलं होतं, म्हणूनच आवडत होतं असं मला ठामपणे वाटतं.

खटल्यातले गिलियम अमेरिकनच ना?

जन्माने हो. टेरी गिलियम मूळचे मिनेसोटाचे. पायथनमधली ती कागदी चित्रांची हलती दुनिया त्यांची. आणि 'फॉल्टी टॉवर्स' ज्या दोघांनी लिहिली त्यांतल्या कॉनी बूथही अमेरिकन. दुसरे लेखक पायथनमधलेच जॉन क्लीज; बूथ त्यांच्या तेव्हाच्या पत्नी. अत्यंत ब्रिटिश म्हणून जे नावाजलं जातं त्यात अमेरिकन हात सुरुवातीपासून होते. कॉनी बूथ यांचं नाव मात्र बोलताना नेहमी गळतं. ते गळू नये.

इतके कमी भाग का असतात?

'फॉल्टी टॉवर्स'चे एकूण भाग १२. सहा १९७५ मध्ये, सहा १९७९ मध्ये. अमेरिकेत एका वर्षाच्या पर्वातच बावीस-चोवीस भाग व्हायचे. एवढं लिहायचं तर एकट्या-दुकट्याचं काम नाही; तिथे लेखकांची अख्खी तुकडी एका खोलीत बसून मालिका लिहिते. ब्रिटनमध्ये एक किंवा दोन माणसं सहा भाग लिहितात, आणि सांगण्यासारखं संपलं की थांबतात. त्यामुळे त्या मालिकेला एका माणसाचा आवाज असतो. अमेरिकन प्रेक्षकाला हा फरक शब्दांत सांगता येत नसेल, पण जाणवतो. घरच्या हातच्या आमटीची चव आणि मंगल कार्यालयातल्या आमटीची चव, दोन्ही चांगल्या असतील, पण पहिलीत हात कोणाचा ते ओळखू येतं.

मग नेमकं आवडतं काय?

माझं उत्तर असं : ब्रिटिश विनोदी मालिकेतला माणूस सुधारत नाही, आणि त्याला सुधारायला कोणी भागही पाडत नाही.

अमेरिकन मालिकेची जुनी चाल तुम्हाला ठाऊक असेल. गोंधळ होतो, भांडण होतं, शेवटच्या तीन मिनिटांत हळू संगीत वाजतं, कोणीतरी सोफ्यावर बसून माफी मागतं आणि मिठी मारली जाते. त्यात खोटेपणा असतोच असं नाही. चांगली लिहिली तर डोळ्यांत पाणी येतं. पण दर आठवड्याला सगळं सुरळीत झालेलं पाहणाऱ्या माणसाचं स्वतःचं घर काही दर आठवड्याला सुरळीत होत नाही.

'फॉल्टी टॉवर्स'चा नायक बेसिल फॉल्टी घ्या. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की गावात त्याचं छोटं हॉटेल आहे. (पायथन मंडळी १९७० मध्ये टॉर्कीच्या खऱ्या एका हॉटेलात उतरली होती. तिथल्या मालकाचा विचित्र उद्धटपणा क्लीज यांच्या डोक्यात बसला, त्यातून बेसिल जन्माला आला.) उच्चभ्रू पाहुण्यांसाठी त्याने खास मेजवानी ठेवली आहे आणि नेमका आचारी दारू पिऊन आडवा झालाय. बेसिल मित्राच्या उपाहारगृहातून शिजवलेलं बदक आणायला गाडी घेऊन धावतो. परत येताना गाडी रस्त्यात बंद पडते. आधी तो गाडीला विनवतो. मग रागावतो. मग लहान मुलाला द्यावी तशी ताकीद देतो, तीनपर्यंत आकडे मोजतो. गाडी ढिम्म. तो तरातरा चालत चौकटीबाहेर जातो. काही क्षण पडद्यावर नुसती गाडी. आणि मग तो झाडाची एक फांदी घेऊन परत येतो आणि गाडीला झोडपून काढतो. हॉटेलात पोचून ताटावरचं झाकण उचलतो तर बदकाच्या जागी ट्रायफलचं भांडं आलेलं असतं. तेव्हा तो काय करतो? त्या गोड पदार्थात दोन्ही हात घालून बदक शोधतो.

भाग इथेच संपतो. माफी नाही, धडा नाही. पुढच्या भागात बेसिल तितकाच लाचार आणि तितकाच मगरूर. गाडी बंद पडल्यावर तिच्याशी बोललेला प्रत्येक माणूस हे बघताना हसतो, मग तो टॉर्कीचा असो, ट्रेंटनचा असो की ठाण्याचा.

ब्रिटिश विनोद जास्त बुद्धिमान असतो म्हणून आवडतो, असं म्हणतात. पटतं का?

नाही. अमेरिकेत अतिशय चाललेला एक ब्रिटिश कार्यक्रम 'द बेनी हिल शो' होता. १९७९ पासून तो अर्ध्या तासाचे तुकडे करून तिथल्या स्थानिक वाहिन्यांना विकला गेला. त्यात पाठलाग, घसरून पडणं आणि बायकांच्या अंगावर बेतलेले विनोद भरपूर. आज ते बघवत नाहीत. दुसरी मालिका 'आर यू बीइंग सर्व्ह्ड?'. लंडनच्या एका जुनाट कापड-दुकानातले विक्रेते, द्व्यर्थी बोलणं, आणि दर भागात केसांचा रंग बदलणाऱ्या मिसेस स्लोकम. १९७२ ते १९८५ चाललेल्या या मालिकेवर ब्रिटनमधल्या समीक्षकांचा फारसा जीव नव्हता. पीबीएसच्या प्रेक्षकांनी ती डोक्यावर घेतली. जेम्स बाँड साकारलेल्या डॅनियल क्रेग-छाप सफाईदार उच्चार म्हणजे हुशारी, असा समज अमेरिकेत आहे खरा, पण तेवढ्यावर कोणी वर्षानुवर्षं शनिवारची रात्र देत नाही.

ब्रिटनमधला वर्गभेद अमेरिकन माणसाला कळतो का?

बारकावे कळत नाहीत, मूळ दुखणं बरोबर कळतं. 'कीपिंग अप अपिअरन्सेस' (१९९० ते १९९५) हे त्याचं उत्तम उदाहरण. रॉय क्लार्क यांची ही मालिका बीबीसीच्या परदेशात सर्वाधिक विकल्या गेलेल्या कार्यक्रमांपैकी आहे. नायिका हायसिंथ. आडनाव बकेट, म्हणजे बादली. पण फोनवर ती सांगते 'बुके'. तिच्या दोन बहिणी गरीब वस्तीत राहतात, मेहुणा ऑन्स्लो बनियनवर बसून बिअर पितो, आणि त्याची खटारा गाडी धडाड आवाज करत दारात आली की हायसिंथ पाहुण्यांना झुडपामागे ढकलते.

यातलं एक दृश्य वारंवार येतं. शेजारीण एलिझाबेथ कॉफीला येते. हायसिंथ हाताने रंगवलेल्या नाजूक फुलांचे रॉयल डोल्टनचे कप काढते आणि 'जपून हं' म्हणते. ते ऐकलं की एलिझाबेथचा हात थरथरू लागतो. कप बशीवर किणकिणतो. कॉफी सांडतेच. अभिनेत्री जोसफीन ट्यूसन तो थरकाप कोपरापासून बोटांपर्यंत असा काही चढवत नेतात की आपलेच खांदे आवळले जातात. ज्यांच्या घरी काचेच्या कपाटातला सेट फक्त पाहुण्यांसाठी निघायचा, त्यांना हे कोणी समजावून सांगायला नको. आमच्या आईकडे तसा सेट होता. शेजारच्या आजींकडेही होता. वर्गाची उतरंड अमेरिकेत नाही असं तिथे मोठ्याने बोललं जातं, म्हणूनही असेल, पण ती आहे हे कबूल करणारी मालिका परदेशातून आली की लोक मोकळेपणी हसतात.

अमेरिकेने या मालिका स्वतःच्या करून पुन्हा बनवल्या, त्यांचं काय झालं?

आधी यशाची गोष्ट. अमेरिकन निर्माते नॉर्मन लिअर यांनी बीबीसीच्या 'टिल डेथ अस डू पार्ट' (१९६५) वरून १९७१ मध्ये सीबीएसवर 'ऑल इन द फॅमिली' आणली. लंडनच्या ईस्ट एंडमधला वर्णद्वेष्टा, तोंडाळ आल्फ गार्नेट न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला आर्ची बंकर झाला. तो ज्या खुर्चीत बसायचा ती आज वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. भंगारवाल्या बाप-लेकाची 'स्टेप्टो अँड सन' १९७२ मध्ये 'सॅनफर्ड अँड सन' झाली, लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात, कृष्णवर्णीय कुटुंबात. 'मॅन अबाउट द हाउस'ची १९७७ मध्ये 'थ्रीज कंपनी' झाली. या तिन्ही मालिकांचं मूळ ब्रिटिश आहे हे बहुतेक अमेरिकन प्रेक्षकांना माहीतच नसतं. लिअर यांनी केलं ते खरं भाषांतर : वाक्यं सोडली, जखम घेतली, आणि आपल्या देशात ती कुठे आहे ते शोधलं.

फसलेल्यांची यादी लांब आहे. 'फॉल्टी टॉवर्स'वर अमेरिकेने तीनदा हात टाकला. १९८३ च्या 'अमांडाज'मध्ये तर बेसिलच काढून टाकला होता. हॉटेल एका बाईचं केलं. २००३ मध्ये एनबीसीने 'कपलिंग' जवळजवळ त्याच संहितांवर बनवली आणि चार भागांत बंद केली. शब्द तेच ठेवले म्हणून विनोद तोच राहत नाही, आणि नायक काढून घेतला की मालिकाच राहत नाही.

'द ऑफिस' मग कशी चालली?

मूळ मालिका रिकी जर्वेस आणि स्टीफन मर्चंट यांची, बीबीसी टू वर २००१ मध्ये आलेली. दोन पर्वांत १२ भाग आणि २००३ च्या नाताळातला दोन भागांचा समारोप. जानेवारी २००४ मध्ये तिला सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा गोल्डन ग्लोब मिळाला, जर्वेस यांना अभिनयाचाही. हा मान मिळवणारी ती पहिली ब्रिटिश विनोदी मालिका. २००५ मध्ये एनबीसीवर अमेरिकन आवृत्ती आली. तिचा पहिला भाग मूळ भागाची जवळपास नक्कल होता आणि तो निर्जीव वाटतो. दुसऱ्या पर्वापासून लेखकांनी ऑफिसच्या साहेबाला, मायकल स्कॉटला, मऊ केलं. तो मूर्ख राहिला, पण त्याला माणसं हवी आहेत हे दिसू लागलं. मालिका नऊ पर्वं, २०१ भाग चालली. मायकलला शेवटी प्रेमही मिळालं.

मूळ मालिकेतल्या साहेबाला, डेव्हिड ब्रेंटला, असं काही मिळत नाही. दानधर्मासाठी ऑफिसात गंमतजंमत चालली आहे, ब्रेंटने शहामृगावर बसल्यासारखा दिसणारा पोशाख घातलाय, आणि त्याच अवतारात त्याला नोकरी गेल्याचं कळतं. पुढच्या भागात तो वरिष्ठांसमोर उभा राहून, आवाज फुटत असताना, मला काढू नका म्हणून विनवतो. तेवढ्या वेळापुरता विनोद थांबतो. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमच्याच ओळखीतल्या एकाची नोकरी नुकतीच गेली होती. त्या रात्री पुढचा भाग लावला नाही.

मला दोन्ही आवृत्त्या आवडतात. अमेरिकन आवृत्ती सोबतीला बरी, आजारी असताना लावून ठेवावी अशी. ब्रिटिश आवृत्ती वर्षातून एकदाच बघवते, आणि तीच श्रेष्ठ आहे.

हशा खरा असतो का?

जुन्या मालिकांत बहुतेक खरा, स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांचा. उलट अमेरिकेच्या 'मॅश' या मालिकेवर रेकॉर्ड केलेला हशा चढवलेला होता. बीबीसीने ती ब्रिटनमध्ये हशा काढून दाखवली. 'द ऑफिस'ने हशा पूर्णच वगळला.

भारतात यांचं काही आलं का?

आलं. 'माइंड युवर लँग्वेज' (१९७७) वरून १९९३ मध्ये दूरदर्शनवर पंकज कपूर यांची 'जबान संभालके', आणि 'येस मिनिस्टर' वरून २००१ मध्ये फारुख शेख यांची 'जी मंत्रीजी', दोन्ही हिंदीत. 'येस मिनिस्टर' ज्यांच्या घरात सरकारी नोकरी होती त्यांना तर मूळ इंग्रजीतही घरचीच वाटते. फाइल कशी दाबायची हे सचिव सर हम्फ्री मंत्र्याला समजावतात, तेव्हा मंत्रालयात उभं आयुष्य काढलेले माझे काका टाळी द्यायचे.

आता परिस्थिती काय आहे?

१९९८ मध्ये बीबीसी अमेरिका ही वाहिनी आली, २०१७ मध्ये ब्रिटबॉक्स ही ऑनलाइन सेवा. सप्टेंबर २०१९ च्या एमी सोहळ्यात फिबी वॉलर-ब्रिज यांच्या 'फ्लीबॅग'ने सर्वोत्कृष्ट विनोदी मालिका, मुख्य अभिनेत्री, लेखन आणि दिग्दर्शन हे चारही पुरस्कार नेले. दोन पर्वं, १२ भाग, 'फॉल्टी टॉवर्स'इतकेच. आणखी भागांची मागणी सगळीकडून झाली, पण सांगायचं होतं ते सांगून झालंय म्हणून त्या थांबल्या. मला त्याबद्दल त्यांचा आदर वाटतो.

एक गोष्ट मात्र गेली. पूर्वी मालिका तुमच्या गावच्या केंद्रावर ठरलेल्या वेळी लागायची, दोन घरं पलीकडे तीच चालू असायची, आणि सोमवारी त्यावर बोलणं व्हायचं. आता प्रत्येक जण आपापल्या पडद्यावर आपापल्या वेळेला बघतो.

सुरुवात कुठून करू?

'फॉल्टी टॉवर्स'पासून, आणि तिथेही वर सांगितलेल्या मेजवानीच्या भागापासून. त्याचं नाव 'गूर्मे नाइट'. उच्चार अवघड वाटले तर उपशीर्षकं लावा, त्यात कमीपणा नाही. आवडली तर 'येस मिनिस्टर', मग ब्रिटिश 'द ऑफिस'. घरात वडीलधारं कोणी असेल तर 'कीपिंग अप अपिअरन्सेस' त्यांच्यासोबत बघा. शेजारच्या आजी गेल्या त्या वर्षी त्यांच्या मुलीने आम्हाला त्यांच्या व्हिडिओ कॅसेट दिल्या. शनिवार रात्रीच्या, टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या, प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरात भागाचं नाव. एका कॅसेटवर मध्येच देणगीचं आवाहन आहे, मागे फोन वाजताहेत.